शुक्रवारची शेपटी

निजामपुऱ्यात कुणाच्या घरी लग्न निघालं आणि दाराला रोषणाई हवी असली, की घरचा माणूस गुलाम हुसेनच्या लायटिंगच्या दुकानाची पायरी चढायचा. ही पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. तोवर म्हातारे गुलाम हुसेन बाकड्यावर नुसते टेकून बसायचे आणि दुकान चालवायची त्यांची सून, हबीबा. गिऱ्हाईक बिचारं सांगायला लागायचं, घर अमक्या गल्लीत, दोन माळ्यांचं, पाहुणे एवढे एवढे. हबीबा हात वर करून त्याला मध्येच थांबवायची.

"ते मागाहून. आधी वार सांगा."

"कसला वार?"

"लग्नाचा हो. सोमवार, मंगळवार, कोणता?"

"शुक्रवार. भिवंडीत दुसऱ्या कुठल्या वारी लग्न करतात, भाभी?"

"महादूदादा, शेपट्या काढा!" हबीबा आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायची.

नवख्या माणसाला वाटायचं, बाई मुहूर्त-बिहूर्त बघते की काय. छे! तिच्यासमोर शुभ-अशुभ असा शब्द जरी काढला तरी ती फणकारते. वार विचारायची सवय तिला उगीच लागलेली नाही. त्या एका वारापायी तिनं सात वर्षं कपाळावर डाग वागवला, आणि तो डाग कशाचा हे शेवटी तिचं तिनंच शोधून काढलं.

हबीबाचं लग्न एक्क्याऐंशी सालचं, शुक्रवारचंच. शुक्रवारी गावातले यंत्रमाग बंद. सहा दिवस खडखडाटानं ज्या गावाच्या भिंती थरथरतात, ते गाव त्या दिवशी कान मोकळे करून बसतं. मालक घरी, कामगार घरी, म्हणून लग्नंही त्याच दिवशी. त्यात हे गुलाम हुसेनच्या घरातलं पहिलं लग्न, थोरल्या अब्दुलचं. नवऱ्याचा बाप स्वतः लायटिंगवाला, मग काय विचारता! घराच्या दर्शनी भिंतीवर आठ माळा आणि दाराच्या चौकटीवर नववी. बोराएवढे रंगीत बल्ब, एकापुढे एक, एकाच तारेत ओवलेले. लायटिंगवाले अशा माळेला सीरिज म्हणतात.

मानकोलीहून नवरी घेऊन वरात दारात आली तेव्हा आठ वाजले असतील. उंबऱ्यात रुकय्याफुफी उभी होती. ही गुलाम हुसेनची थोरली बहीण, घरात शेवटचा शब्द तिचा. त्या घरची रीत अशी, की नवी सून उंबऱ्याशी आली की थोरल्या बाईनं तिच्या डोक्यावरून दोन्ही हात उतरवायचे, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची, आणि मगच सुनेनं आत यायचं. फुफीनं हात पुढे केले. हबीबानं पाऊल उचललं. तेवढ्यात दारावरची माळ गेली. गुडुप अंधार! फुफीचे हात हवेतच राहिले आणि मग तसेच खाली आले. बोटं मोडायची राहूनच गेली.

"पाऊल टाकलं न् उजेड गेला," कुणीतरी अंधारात म्हणालं. दुसरीनं तिथल्या तिथे निकाल दिला, "पांढऱ्या पायाची दिसते."

आता खरं सांगायचं तर त्याआधीच्या दोन तासांत भिंतीवरच्या आठच्या आठ माळा एकेक करून गेल्या होत्या. हबीबा तेव्हा मानकोलीच्या रस्त्यावर होती. पण हे कोण लक्षात ठेवतो? लोकांनी नववी माळ तेवढी लक्षात ठेवली.

कुणी तिला वाईट बोललं असं नाही. बोलले असते तर तीही बोलली असती. जीभ तिलाही होती. पण घरात बारसं असो, कुणाची नवी सून येणार असो, फुफी गोड आवाजात म्हणायची, "हबीबा, तू जरा भाताकडे बघ." की हबीबा चुलीशी. दारात बाकी सगळ्या. अब्दुल म्हणायचा, "जाऊ दे ग, म्हातारी माणसं." जाऊ दे म्हणायला त्याचं काय जातंय? दर लग्नात भाताच्या वाफेसमोर उभं राहून डोळे पुसणारी ही.

चौऱ्याऐंशीत गुलाम हुसेनच्या हातांना कंप सुटला. माळा दुरुस्त करायचं काम नाजूक, ते त्यांना जमेना. हबीबा घरी बसून मागाच्या कांड्या भरायची, तिची बोटं चपळ. त्यांनी माळांचं गाठोडं तिच्यापुढे टाकलं. फुफी भडकलीच.

"हिच्या हातात माळा? सगळं दुकान विझवायचंय का रे तुला?"

"आपा, ती पायानं थोडीच जोडणार आहे," गुलाम हुसेन म्हणाले. "हातानं जोडेल."

काम असं. माळेतला एक बल्ब जरी गेला तरी अख्खी माळ विझते. मेलेला कुठला ते बाहेरून कळत नाही. मग एकेक बल्ब काढायचा, बॅटरीच्या चार सेलवर लावून बघायचा, मेलेला सापडला की नवा बसवायचा. दुसरी एखादी असती तर तेवढं करून मोकळी झाली असती. पण हबीबाच्या डोक्यात प्रश्न घुसला की ती जेवताना घास हातात धरून बसायची. एक गेला तर बाकीच्यांनी काय पाप केलं? ते का विझतात?

तार बोटात धरून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली तेव्हा तिला दिसलं, की रस्ता एकच आहे. पहिल्या बल्बच्या पोटातून निघायचं, दुसऱ्याच्या पोटातून जायचं, असं करत शेवटी परत. मध्ये एकाच्या पोटातली तार तुटली की रस्ताच बंद. बरं, एवढं कळलं. मग पुढचा प्रश्न. वीज जर एकामागून एक अशी सगळ्यांतून जाते, तर पहिल्याला पोटभर मिळत असेल आणि शेवटच्याला खरवड? पंगतीत शेवटी बसणाऱ्याचं होतं तसं?

तिनं दुपारी खिडकीवर गोधडी टांगली, खोलीत अंधार केला आणि माळ लावून बघत बसली. पहिला बल्ब, शेवटचा बल्ब, दोघे सारखेच. तिला पटेना. तिनं दोघांची अदलाबदल केली. तरीही सारखेच! म्हणजे वाटेत कुणीच काही खाऊन टाकत नव्हतं. जेवढा प्रवाह पहिल्यातून निघायचा तेवढाच्या तेवढा शेवटच्यातून बाहेर पडायचा. हबीबाला इतकं नवल वाटलं की ती गोधडी काढायला विसरली आणि फुफीला वाटलं हिला ताप आलाय.

एकदा वळ गावच्या महादूनं, म्हणजे त्यांच्या जुन्या वायरमननं, सुटा बल्ब मिळेना म्हणून माळेत मध्येच टॉर्चचा जाड तारेचा बल्ब ठोकला. बाकीचे छान लागले आणि हा मिणमिणता. सेलवर लावला तर ढणाढणा पेटायचा.

"महादूदादा, सगळ्यांतून सारखाच प्रवाह जातो, मग हाच असा का रुसलाय?"

"त्याला काय ठाव भाभी," महादू म्हणाला. "लागतोय न्हवं? मंग झालं."

महादूचं झालं, हबीबाचं झालं नाही. तिनं तो बल्ब पदराच्या गाठीत बांधून ठेवला.

आणखी एक कोडं होतं, ते मात्र जिवाला लागणारं. तिनं दुरुस्त केलेल्या माळा उरुसाला गेल्या, की तीन-तीन दिवस बिनतक्रार जळायच्या. दुकानाच्या उद्घाटनाला तसंच. लग्नाला गेल्या, की तासा-दोन तासांत माना टाकायच्या. दुकानात याचं उत्तर ठरलेलं होतं: लग्नाला दहा जणांची नजर लागते. महादू तर लग्नाच्या घरी बल्बांचा डबा घेऊनच जायचा. फुफी अर्थात पुढचं बोलायची, "नजर तर लागतेच, वर हिचा हात."

सत्त्याऐंशीच्या गणपतीत पलीकडच्या आळीतल्या सुचेताबाईंनी घरच्या आराशीला चार माळा नेल्या. सुचेताबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. गणपती बसले गुरुवारी. शनिवारी सकाळी बाई चारही माळा घेऊन दारात हजर.

"भाभी, परवा काय झकास लागल्या होत्या! काल सहाला लावल्या आणि सात वाजेतो चारही ठार."

"नजर लागली असेल," फुफी आतून म्हणाली.

"गणपतीला?" हबीबा एकदम म्हणाली. "फुफी, गणपतीला कुणाची नजर लागणार?"

सुचेताबाई हसत सुटल्या. "तेवढी हिंमत आहे कुणाची!"

हबीबा मात्र हसली नाही. लग्नात माळा जातात आणि गणपतीतही गेल्या. दोन्हींत सारखं काय? तिनं चार माळा मांडीवर घेतल्या आणि पुटपुटली, "शुक्रवार." मग तिला स्वतःचं लग्न आठवलं, तेही शुक्रवारचंच. पण शुक्रवारनं माळांचं काय घोडं मारलंय, ते काही तिला उमगेना.

त्या थंडीत अब्दुलनं टीव्ही आणला. सगळं घर टीव्हीसमोर, आणि हबीबाची नजर टीव्हीच्या खाली. तिथे स्टॅबिलायझर होता, आणि त्याच्या काचेआड एक काटा. किती व्होल्ट येतायत ते तो दाखवायचा.

"अग, नाटक वर चाललंय," अब्दुल म्हणाला. "खाली काय बघतेस?"

"इथेही चाललंय," हबीबा म्हणाली.

ती रोज संध्याकाळी सातला काटा बघायची आणि कोळशानं दाराच्या मागे लिहायची. सोमवार एकशे सत्तर. मंगळवार एकशे पासष्ट. बुधवार एकशे अडुसष्ट. गावातले हजारो माग वीज ओढत असायचे, घरांपर्यंत यायची ती थकलेली. ट्यूबलाइट चार वेळा डोळे मिचकावून पेटायची, पंख्याची पाती मोजून घ्यावीत. आणि शुक्रवारी? माग बंद, पंखा असा सुटायचा की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायचं. काटा दोनशे चाळीसवर! तीन शुक्रवार तिनं पाहिलं. तिन्ही शुक्रवार तेच.

चौथ्या शनिवारी ती पदरातला टॉर्चचा बल्ब आणि माळेतला एक बल्ब घेऊन सुचेताबाईंकडे गेली.

"बाई, माळेतल्या बल्बच्या पितळेवर बारीक सहाचा आकडा आहे. तो कसला?"

"सहा व्होल्ट. तेवढे त्याला सोसतात."

"आणि घरात येतात दीड-दोनशे. मग तो जळत कसा नाही?"

"एकटा लावलात तर क्षणात जळेल. माळेत सगळे मिळून वाटून घेतात. आलेल्या व्होल्टांचे वाटे पडतात. जो बल्ब प्रवाहाला जास्त अडवतो, त्याच्या वाट्याला जास्त व्होल्ट. सगळे सारखे अडवणारे असले, तर सारखे वाटे."

हबीबानं टॉर्चचा बल्ब पुढे केला. "म्हणजे हा जाड तारेचा कमी अडवतो, म्हणून याला वाटा कमी, म्हणून हा मिणमिणता!"

"अगदी बरोबर," सुचेताबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायचा विसरून त्याही खाली बसल्या.

"आमच्या माळेत बल्ब अठ्ठावीस," हबीबा म्हणाली आणि तिनं त्यांच्या मुलाची पाटी ओढली. अठ्ठावीस गुणिले सहा. एकशे अडुसष्ट. ती आकड्याकडे बघतच राहिली. "बाई, हा तर माझ्या दारामागचा बुधवार!" मग दोनशे चाळीस भागिले अठ्ठावीस. साडेआठच्या वर. "सोसतात सहा, आणि शुक्रवारी प्रत्येकाच्या बोडक्यावर साडेआठ. जळतील नाहीतर काय करतील!"

पायगुण नाही, नजर नाही. माग बंद असतात, एवढंच. तिला एकदम रडू आलं, आणि सुचेताबाईंनी कारण न विचारता पाण्याचा तांब्या पुढे केला.

पण घरी येता येता आणखी एक किडा डोक्यात वळवळला. बाजारातून कोरी माळ येते ती चाळीस बल्बांची. चाळीस सक दोनशे चाळीस, सरळ हिशेब. मग दुकानातल्या सगळ्या माळा अठ्ठावीसच्या कशा? तिनं गुलाम हुसेनना विचारलं. म्हातारा खुलला.

"ती माझी कमाल, बेटा! कुणाला सांगायचं नाही. बाजारची माळ भिवंडीत लावली की दिवे नुसते लालभडक, निखाऱ्यासारखे. वीज पुरतेच कुठे इथे? मी प्रत्येक माळेतले बारा-बारा काढून टाकले. असा लख्ख उजेड पडला की बाकीचे लायटिंगवाले तोंडात बोटं घालून बघत राहिले."

"कधी केलंत हे, अब्बा?"

"तुझ्या लग्नासाठीच की! घरातलं पहिलं लग्न. म्हटलं, माझ्या सुनेच्या दारात असा उजेड पडला पाहिजे की निजामपुऱ्यानं आठवण काढली पाहिजे. चार दिवस बसून कापल्या. बुधवारी लावून बघितल्या, काय दिसल्या! आणि शुक्रवारी ऐन वेळी…" ते थांबले. "जाऊ दे. नशीब."

शब्द हबीबाच्या ओठांपर्यंत आला होता. तुम्हीच, अब्बा. तुम्ही बुधवारी बघितलं आणि शुक्रवारी लावलंत. सात वर्षं मी भाताच्या वाफेत उभी आहे ती तुमच्या कमालीपायी. पण समोर कापरे हात मांडीवर ठेवून बसलेला म्हातारा, तिच्यासाठी चार दिवस माळा कापत बसलेला. तिनं शब्द गिळला. राग गिळला गेला नाही.

"शुक्रवारी जैनबचं लग्न आहे," एवढंच ती म्हणाली. जैनब म्हणजे तिची धाकटी नणंद. "त्या दिवशी प्रत्येक माळेला ते बारा परत जोडायचे. वेगळा तुकडा करून, शेपटीसारखा. शुक्रवारी लावायचा, एरवी काढायचा."

"आहेत तेच जळतायत, त्यात आणखी बारा घालू?"

"वाटेकरी वाढले की वाटा कमी होतो, अब्बा. प्रवाहाला अडवणारे जास्त, म्हणून प्रवाहही कमी. कुणीच जळणार नाही."

फुफी ऐकत होतीच. "पोरीच्या लग्नात हिचे प्रयोग? आणि गेल्या माळा, तर तोच डाग जैनबच्या कपाळी?"

"फुफी, शेपटी लावून माळा गेल्या तर मी जन्मात पुन्हा माळेला हात लावणार नाही," हबीबा म्हणाली. "आणि तुम्ही सगळे माझ्याबद्दल म्हणता ते खरं आहे असं स्वतःच्या तोंडानं सांगेन."

शेवटी मेंदीचे हात वर धरून बसलेली जैनबच बोलली, "भाभीच्याच माळा लावा. नाहीतर मी अंधारातून जाईन सासरी."

नऊ माळांना नऊ शेपट्या जोडून झाल्या. गुरुवारी संध्याकाळी महादूनं त्या बांधून चालू करून पाहिल्या, आणि सगळ्यांची तोंडं उतरली. माग चालू होते. चाळीस-चाळीस बल्ब कसेबसे लाल धुमसत होते.

"भाभी, आसं मिणमिणतं लावून लगीन करतंय व्हय कोन?" महादू म्हणाला.

"उद्या बघा, महादूदादा."

"हाय का भरोसा?"

"आहे," हबीबा म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. आकडे पाटीवर बरोबर येतात हे खरं, पण बल्बांनी ती पाटी कुठे वाचलीय?

शुक्रवार उजाडला. गाव शांत. दुपारनंतर मशिदीत निकाह झाला, नवऱ्याकडची वरात साडेसातला यायची होती. फुफी हबीबाला म्हणाली, "तू जरा भाताकडे बघ," आणि हबीबा चुलीशी गेली. सहाला दिवे लागले. खिडकीतून तिला भिंतीवरच्या माळा दिसत होत्या. काल धुमसणारे बल्ब आज नेटके, स्वच्छ लागले होते. काटा दोनशे चाळीसच्या जरा पुढे. साडेसहा झाले. पावणेसात. ती भात ढवळत होती की करपवत होती ते तिलाच ठाऊक नव्हतं.

सातला बाहेर ओरडा झाला. "गेली! दारावरची गेली!"

हबीबाच्या हातातला डाव खाली पडला. सात वर्षांपूर्वीचा तोच अंधार, तेच दार. बाहेर कुजबुज सुरू झालेली तिला ऐकू आली. आता तोंडानं कबूल करायचं. ती पदर सावरून बाहेर आली. फुफी दारात उभी होती आणि तिच्याकडे बघत होती, रागानं नाही, ‘मी म्हटलंच होतं’ अशा नजरेनं. हबीबानं मान वर केली. भिंतीवरच्या आठही माळा जळत होत्या. फक्त दारावरची काळी. सवयीनं तिचे डोळे बल्बांवरून फिरले. एक, दोन, तीन. टोकापर्यंत मोजून ती थबकली.

"अठ्ठावीस!" ती म्हणाली. "महादूदादा, ही अठ्ठावीसच आहे. हिची शेपटी कुठाय?"

महादूनं खाली बघितलं. "फुफीनं सांगितलं म्हून दुपारी काढली मी. म्हनली, दाराच्या माळंला भाभीचा हात लागलेला नगं. आन् काल लई अंधूक बी व्हती."

सगळे एकदा भिंतीकडे बघत होते, एकदा दाराकडे. ज्या आठ माळांना हबीबाचा हात लागला होता त्या जळत होत्या. जिच्यावरून तिचा हात मुद्दाम काढला होता ती गेली होती. आणि हबीबा तर चुलीपाशी होती.

गुलाम हुसेन खुर्चीतून उठले. म्हातारा काळ्या माळेखाली येऊन उभा राहिला. "बुधवारी," ते स्वतःशीच म्हणाले. "मी बुधवारी लावून बघितल्या होत्या." मग ते हबीबाकडे वळले. "तुला ठाऊक होतं. त्या दिवशी विचारलंस तेव्हाच कळलं होतं तुला."

हबीबानं स्टूल ओढलं, वर चढली, मेलेला बल्ब शोधला, नवा बसवला. महादूनं धावत शेपटी आणली आणि तिनं ती सगळ्यांसमोर जोडली. बटण दाबलं. दार उजळलं, डोळे न दिपवता. कोपऱ्यावर वरातीचा ताशा ऐकू यायला लागला होता.

"थांबा सगळे," गुलाम हुसेन म्हणाले. त्यांचा आवाज कधी एवढा चढत नसे. "एक्क्याऐंशीत या दारातला उजेड माझ्यामुळे गेला. माळा मी कापल्या होत्या. या पोरीच्या पायाचा काही संबंध नव्हता. सात वर्षं मी समोर बसून ऐकत राहिलो." त्यांनी दाराकडे हात केला. "हबीबा, बाहेर जा."

हबीबानं स्टुलावरूनच त्यांच्याकडे पाहिलं.

"रस्त्यावर जा, बेटा. आणि या दारातून परत आत ये."

ती उतरली, रस्त्यावर गेली, वळली. अंगावर भाताचे डाग पडलेली साडी, हाताला तारेचा वास. उंबऱ्यात फुफी उभी होती. माफी मागणं फुफीला कधी जमलंच नव्हतं, त्या दिवशीही जमलं नाही. पण तिनं दोन्ही हात हबीबाच्या डोक्यावरून उतरवले आणि कानशिलांवर बोटं मोडली. एक बोट वाजलं नाही, तर तिनं ते पुन्हा मोडलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मान खाली घाल ग," ती कुजबुजली. "सून आहेस तू."

"थांबा फुफी, मोजतेय."

ताशा अगदी जवळ आला होता. हबीबानं शेवटच्या बल्बपर्यंत नजर नेली, "चाळीस" म्हणाली, आणि आत पाऊल टाकलं.